सोसणाऱ्या जागा

२ मार्च, सोमवार

सात महिने इथे एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल या वहीची माफी मागते. आळस नव्हता. चौकशी चालू होती, आणि लिहिलेलं कुणाच्या हाती लागलं तर काय, ही भीती होती. म्हणजे मी वहीवरसुद्धा संशय घेतला. चौकशी जानेवारीत संपली, तरी वही उघडायला मार्च उजाडला. आता जे आहे ते नीट मांडून ठेवते.

मी कृत्रिम पाय बनवते. एकवीस वर्षं झाली. पाऊल, नळी, गुडघ्याचा सांधा हे सगळं तयार येतं. मी बनवते ते सॉकेट, म्हणजे कापून उरलेला पाय ज्यात बसतो ती खोल वाटी. ती ज्याची त्याची वेगळी. उरलेल्या पायावर ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळायच्या, घट्ट झाल्या की ते कवच टोपीसारखं काढायचं, त्यात प्लास्टर ओतून ठोकळा करायचा, आणि मग ठोकळ्यावर कानस चालवायची. खरं काम ते. जिथे हाड कातडीलगत आहे तिथे ठोकळ्यावर थर चढवायचा, म्हणजे सॉकेटमध्ये तेवढी मोकळी जागा राहते. जिथे मांस आहे, जे वजन पेलू शकतं, तिथे ठोकळा तासायचा, म्हणजे तिथे दाब येतो. न सोसणाऱ्या जागा आणि सोसणाऱ्या जागा. एवढं ज्याला कळलं त्याला हे काम आलं.

गेल्या वर्षी मी एका शिंप्याचा पाय केला. गुडघ्याखालचा. चौथ्या महिन्यात त्याला आत जखम झाली, चिघळली, आणि गुडघाही कापावा लागला. चौकशी समितीने लिहिलं की रुग्ण ठरलेल्या तपासणीला आला नाही, सॉकेटमध्ये दोष आढळला नाही. मला निर्दोष ठरवलं. समितीत तिघे होते. त्यातल्या एकानेही आयुष्यात कानस हातात धरलेली नाही.

आज तो शिंपी आमच्या केंद्रावर आला. कुबड्यांवर. अर्जात लिहून दिलंय: नवा पाय ‘त्याच बाईंनी’ करावा.

का?

४ मार्च, बुधवार

ताईला सांगितलं. ताई माझी मोठी बहीण. शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझ्याकडेच राहते.

“मग चांगलं आहे की,” ती भाजी निवडता निवडता म्हणाली. “त्याचा तुझ्यावर राग नाही.”

“राग नसलेला माणूस कुबड्यांवर दोन जिने चढून अर्ज द्यायला येतो?”

“मग कोण येतो?”

“पुरावा हवा असलेला माणूस.”

ताईने माझ्याकडे पाहिलं. आजारपणाची खोटी चिठ्ठी आणणाऱ्या मुलीकडे ती असंच पाहत असणार. “तुला कुणी फुलं दिली ना, तर तू आधी देठ मोजशील.”

ती आणि तिच्या चार-पाच मैत्रिणी सकाळी एक साधना करतात. दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं आणि चार माणसांचं दुखणं हलकं होवो असं मनापासून म्हणायचं. एक आपलं माणूस, एक ओळखीपुरतं, एक ज्याच्याशी आपलं वाकडं आहे ते, आणि शेवटी आपण स्वतः. गेला महिनाभर ती माझ्या मागे लागली आहे.

“मला असा गहिवर येत नाही गं,” मी म्हटलं.

“गहिवर कोण मागतंय? गहिवर येतो आणि जातो. करुणा हा गुण आहे, तो रोज घासावा लागतो.”

“कानशीने?”

“हस. पण बस.”

बसले. ताईचं सोपं गेलं. ओळखीपुरतं माणूस म्हणून लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला घेतलं, त्याचं काय दुखतं मला माहीत नाही, पण काहीतरी असेलच. तिसरा शिंपी. त्याच्यापाशी पोचले आणि मन त्याची उलटतपासणी घेऊ लागलं. गजर वाजला. चौथ्या माणसाची पाळीच आली नाही.

५ मार्च, गुरुवार

शिंप्याचं माप घेतलं. मास्तर मदतीला होते. मी हे काम ज्यांच्या हाताखाली शिकले ते मास्तर. पुढच्या वर्षी निवृत्त होतील. आमच्या कार्यशाळेत आम्ही तिघंच. मास्तर, मी, आणि एक चोवीस वर्षांची मुलगी, जी माझी चौकशी चालू असताना माझ्या जागी तात्पुरती आली आणि अजून गेलेली नाही. सगळे तिला नवी म्हणतात.

शिंपी पन्नाशीचा, काटकुळा, बोलका. मोजपट्टी गळ्यातच असते, चष्म्याच्या दोरीसारखी.

“बाई, पाणी थंड आहे हो.”

“कोमट आहे.”

“मग माझंच रक्त गार पडलं असेल.”

गुडघ्यावरच्या सॉकेटचं माप घेताना दोन्ही अंगठ्यांनी जोर लावावा लागतो, बैठकीच्या हाडाखाली, मांडीच्या बाजूंना. मी अंगठे ठेवले. “दुखतंय?” “नाही.” “आता?” “नाही हो.” नवीने नंतर सांगितलं, मी सतरा वेळा विचारलं. शेवटी तो म्हणाला, “बाई, पोलीससुद्धा एवढं विचारत नाहीत.”

मास्तर हसले. मला हसू आलं नाही. एवढे शब्द पडलेत जगात, त्याने पोलीसच का म्हणावं?

माप झाल्यावर तो घरी गेला नाही. बाहेर बाकावर बसून राहिला. खिशातून एक छोटी वही काढली आणि रांगेतल्या म्हातारबाईंशी बोलत काहीतरी लिहून घेतलं. काचेतून दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. त्या बाईंचा पायही मीच केलेला आहे.

९ मार्च, सोमवार

आज एका बसचालकाचा ठोकळा फळीवरून काढला आणि हात थबकला. शनिवारी मी तो पुरा करून ठेवला होता. पिंढरीच्या बाजूला तो कुणीतरी तासलेला आहे. वरून खरकागद फिरवून खुणा घालवल्यात, पण खिडकीच्या तिरप्या उजेडात दिसतात. माझी कानस तिरकी चालते, डावीकडून वर. या रेघा सरळ आहेत, बारीक, सराईत. मोजून पाहिलं. घेरात जवळजवळ अर्धा सेंटीमीटर कमी.

मग मागची दोन सॉकेट आठवली. बसवताना माझ्या मापापेक्षा घट्ट लागली होती. तेव्हा वाटलं, प्लास्टिकच आकसलं असेल.

कुणीतरी माझ्या कामात हात घालतंय. शिंप्याच्या प्रकरणानंतर आणखी एक जखम झाली की माझं काम संपलं, आणि ज्याला हे काम हवंय त्याची जागा पक्की. नाव लिहीत नाही. कार्यशाळेत तीनच माणसं आहेत आणि त्यातलं एक मी.

हे लिहिताना अक्षर फार सुबक येतंय हेही लक्षात येतं. मला यात थोडी मजा वाटतेय की काय?

१२ मार्च, गुरुवार

सापळा लावला. म्हातारबाईंच्या दुरुस्तीच्या ठोकळ्यावर शिसपेन्सिलीने केसाएवढी बारीक रेघ मारून ठेवली. जमिनीवर प्लास्टरची भुकटी शिंपडावी, पावलं उमटतील, असंही मनात आलं. मग आठवलं की आमच्या कार्यशाळेत जमिनीवर प्लास्टरच्या भुकटीशिवाय काहीच नसतं.

शिंपी आज पुन्हा हजर. त्याचं आज काहीही काम नव्हतं. बसचालक त्याच्या शेजारी बसला होता. मी पाणी प्यायच्या निमित्ताने दारात उभी राहिले.

“अडकतं कुठे?” शिंपी विचारत होता.

“इथे. रोज सकाळी. बायको म्हणते, कात्री लाव.”

“उभे राहा बघू. वळा. दोन्ही बाजूंना की एकाच?”

बसचालकाने त्याला वाकून, बोट लावून दाखवलं. शिंप्याने आकडे लिहून घेतले. मला पाहताच वही मिटली आणि म्हणाला, “बाई, आज चेहरा उतरलाय.”

दोन साक्षीदार झाले.

१३ मार्च, शुक्रवार

रेघ गेली.

नवीला बाजूला घेतलं. “माझ्या ठोकळ्यांना तू हात लावलास?”

“मी? मॅडम, मी तुमच्या कानशीलासुद्धा विचारल्याशिवाय हात लावत नाही.”

“मग कोणी लावला?”

तिने मास्तरांच्या टेबलाकडे पाहिलं, मग स्वतःच्या चपलांकडे. “मला नका ना विचारू.”

“ज्याने केलेलं असतं तो असंच बोलतो.”

तिचे डोळे भरले. दुपारभर माझ्याकडे पाठ करून काम करत होती. पाठीवरून कळत होतं की रडतेय. मी तिला हाक मारायला दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा विचार आला: रडणं हाही बचाव असू शकतो.

असं मनात येणारी मी पूर्वीपासून अशीच आहे, की या सात महिन्यांत झाले?

१७ मार्च, मंगळवार

आज नेहमीच्या दीड तास आधी, साडेसातला गेले. दार उघडं होतं. माझ्या टेबलाशी मास्तर, हातात कानस, चष्म्याच्या काचा पांढऱ्याफटक.

दचकलेसुद्धा नाहीत. “लवकर आलीस.”

“हे काय चाललंय?”

“दिसतंय ते.”

“कधीपासून?”

“तू परत रुजू झालीस तेव्हापासून.”

“माझं काम बिघडवायला?”

त्यांनी कानस खाली ठेवली. “ये इकडे. डोळे मिट आणि हात लाव.” माझा हात ठोकळ्याच्या मागच्या बाजूला ठेवला. “हाड कुठे आहे?”

“इथे नाही.”

“मग जागा कुणासाठी ठेवलीस?”

“पिंढरीवर जागा, गुडघ्याखाली जागा, सगळीकडे जागाच जागा. तुझ्या सॉकेटमध्ये हल्ली पाय राहत नाही, पाहुणा आल्यासारखा टेकतो. कुठेच धरलं नाही की तो खाली घसरतो, आणि सगळं वजन येतं हाडाच्या टोकावर. तुला वाटतं तू त्यांना जपतेस.”

“मग मला सांगायचं ना, मास्तर!”

“कसं सांगू? हल्ली तुला नुसतं ‘जेवलीस का’ विचारलं तरी तू विचारतेस, असं का विचारलंत.”

नवीला हे माहीत होतं. मास्तरांनी तिला शपथ घातली होती.

“शिंप्याचा ठोकळा?” मी विचारलं.

“त्याला मी हात लावलेला नाही. लावणारही नाही. तो तुझा आहे.”

मी नवीची माफी मागितली. ती म्हणाली, “ठीक आहे, मॅडम.” ते ठीक नव्हतं, स्वरावरून कळत होतं. पण तिने म्हटलं आणि मी घेतलं. सुटका झाल्यासारखं वाटलं.

आणि तरीही, घरी येताना वाटेत: मास्तरांनी दोन महिने हे सगळं कुणाला सांगितलं असेल? केंद्रप्रमुखांना? म्हणूनच त्या हल्ली माझ्याशी इतक्या गोड बोलतात का?

१९ मार्च, गुरुवार

शिंप्याच्या सॉकेटची चाचणी. दोन दिवस हातात होते. ठोकळा तासायला कानस उचलली होती. पहिल्याच फेऱ्यात पांढरी भुकटी पडली आणि मला जखम दिसली. कानस ठेवून दिली. जसा होता तसाच ठोकळा पुढे गेला.

तो समांतर दांड्यांच्या मधून चार पावलं चालला. पाचव्याला पाय आतल्या आत फिरला, पावलाची बोटं भिंतीकडे. त्याने दांडे पकडले. पडला नाही. मग खाली पाहून सॉकेटची कड दोन बोटांत धरली, शिंपी गिऱ्हाइकाच्या कमरेशी जास्तीचं कापड धरतात तशी.

“बाई, रागावू नका. हा पाय नाही, पोतं शिवलंय.”

नवी फिस्‌कन हसली आणि तोंडावर हात ठेवला.

“टोचत तर नाही ना कुठे?” मी म्हटलं.

“टोचेल कसं? सैल कपडा कुणालाच टोचत नाही. म्हणून तो अंगाला होतो का?”

मी सांगितलं की हे काम मी मास्तरांकडे देते.

“मास्तरांकडे द्यायचं असतं तर मी अर्जात मास्तरच लिहिलं असतं.”

“मग मीच का? काय हवंय तुम्हाला माझ्याकडून?”

आवाज चढला होता. बाहेरच्या बाकावरचं बोलणं थांबलं. शिंप्याने दांड्यांना टेकवलेल्या कुबड्या घेतल्या आणि म्हणाला, “मंगळवारी येऊन सांगतो. आज गर्दी आहे.”

मंगळवारी. तारीख देऊन बोलणारा माणूस वकिलाला भेटून येतो.

२० मार्च, शुक्रवार

राजीनामा लिहून टेबलावर ठेवला. ताईने वाचला, लाल पेनने एक वेलांटी दुरुस्त केली आणि परत जागेवर ठेवला.

२४ मार्च, मंगळवार

सगळं लिहिते, जसं बोललं गेलं तसं. उद्या मला यातलं काही बदलावंसं वाटेल म्हणून.

शिंपी आला तेव्हा बसचालक पायऱ्या उतरत होता. त्याच्या विजारीला खोट्या पायाच्या बाजूने वरपासून खालपर्यंत चेन होती. मी म्हटलं, सोय बरी आहे. नवी म्हणाली, “यांनीच तर शिवून दिली. कितीजणांना देतायत! खोटा पाय विजारीत अडकतो ना घालताना. तुम्हाला माहीत नव्हतं? त्यांच्या वहीत सगळ्यांची मापं आहेत.”

मान तापली होती.

प्लास्टरच्या खोलीत तो स्टुलावर बसला. दार मी उघडंच ठेवलं होतं. त्याने कुबडीने लोटून घेतलं.

“बाई, तुमच्या सॉकेटने मला काही केलं नाही.”

“समितीनेही तेच लिहिलंय.”

“समितीला काय माहीत? मला माहीत आहे.” त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. “तिसऱ्या महिन्यात माझा पाय बारीक झाला. सॉकेट सैल लागायला लागलं. तुम्ही बजावलं होतं, सैल झालं तर लगेच या. मी म्हटलं, सैल झालं म्हणून मी दुसऱ्याकडे जायचं? मी? आतून अस्तर लावलं. दोन पदरी, मध्ये कापूस. असं सुबक झालं होतं की काय सांगू.”

“आणि?”

“शिवण बरोबर हाडावर आली. जाड शिवण. गिऱ्हाइकाच्या काखेत मी कधी अशी येऊ दिली नसती. जखम झाली तेव्हा अस्तर उचकटून चुलीत घातलं. डॉक्टरांनी विचारलं, आत काही घातलं होतं का? म्हटलं, नाही. लाज वाटली हो. शिंप्याचा पाय त्याच्याच शिवणीने खाल्ला, लोक हसले असते. मग कळलं, तुमच्यावर चौकशी बसलीय. वाटलं, जाऊन सांगावं. रोज वाटलं. सात महिने वाटलं.” खिशातून पाकीट काढून त्याने माझ्यासमोर धरलं. “समितीला लिहिलंय. आता उशीर झालाय, पण लिहिलंय.”

मी काय करावं? त्या माणसाने एवढं सांगितल्यावर मी विचारलं, “तुम्ही हे माझी समजूत घालायला रचलंय का?”

तो आधी माझ्याकडे बघत राहिला. मग इतका हसला की स्टूल हललं. “बाई, समजूत घालायची असती तर मी याहून बरी गोष्ट रचली असती. हिच्यात मी केवढा मूर्ख दिसतो!”

तेव्हा मी ते सांगितलं जे समितीला सांगितलं नाही, ताईला नाही, आणि या वहीलाही नाही.

“तिसऱ्या महिन्यात तुम्ही फोन केला होता.”

“केला होता. पाय छान आहे, तपासणीला येत नाही म्हणालो. शाळेच्या गणवेशांची गर्दी होती.”

“तुमचा आवाज बरा नव्हता. मला ऐकू आलं ते. मी काही विचारलं नाही. ‘तक्रार नाही’ असं लिहिलं. बाहेर अकरा जण बसले होते आणि मला बरं वाटलं की एक कमी झाला.”

त्याने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. मग म्हणाला, “म्हणजे छान आहे असं आपण दोघंही म्हणालो.”

२६ मार्च, गुरुवार

सामानाच्या खोलीत त्याचं जुनं सॉकेट अजून आहे, चौकशीची चिठ्ठी लावलेलं. विजेरी घेऊन आत पाहिलं. कडेला चिकट डाग आहेत. ते अस्तराच्या गोंदाचे असतील. आमच्याच चिकटपट्टीचेही असतील. भिंग लावून पाहिलं. कळत नाही.

मास्तर दारात उभे. “काय शोधतेस?”

“तो खरं बोलतोय का ते.”

“आणि कळलं तर?”

“कुणाची चूक किती, ते तरी कळेल.”

“बरं. मोज तू. तोवर त्याला कुबड्यांवर ठेवू.”

मी सॉकेट परत ठेवलं. राजीनामा घरी टेबलावरच आहे. ताई त्यावर चहाचा कप ठेवते.

३० मार्च, सोमवार

सकाळी बसले. तिसऱ्या माणसाशी आज फार रेंगाळले नाही. चौथ्यापाशी आले आणि म्हणण्यासारखं काही सापडेना. स्वतःचं भलं होवो म्हणायला जीभ उचलेना, अगदी मनातल्या मनातही. मग नवीचा एखादा ठोकळा फुटला की मी तिला म्हणते ते म्हटलं: बस जरा, हात धू, पुन्हा कर. ताईला विचारलं, हे चालतं का? ती म्हणाली, “मी काय परीक्षक आहे?”

शिंप्याचं माप पुन्हा घेतलं. बजावलं, मी विचारणार नाही, दुखलं तर तुम्ही ओरडायचं.

“ओरडू? बाहेर लोक आहेत.”

“असू देत.”

अंगठे ठेवले. दाबले. तो म्हणाला, “याला दाबणं म्हणतात? पीठ मळताना बायको याहून जोर लावते.” मी वजन टाकलं.

“आई गं! तिथे नाही! मागे घ्या, मागे. हां. इथे. इथे काय हवं ते करा, इथे सोसतं.”

बाहेर कुणीतरी घाबरून उठल्याचा आवाज आला. मास्तर दारातून डोकावले आणि चष्मा पुसायचं नाटक करत निघून गेले. कवच काढलं तेव्हा आत माझ्या दोन्ही अंगठ्यांचे खड्डे होते, खोल, स्पष्ट.

दुपारी ठोकळा तासला. कानशीच्या प्रत्येक फेऱ्याला वाटत होतं, पुरे. दरवेळी डोळे मिटून हात लावला, हाड कुठे ते पाहिलं, आणि नसेल तिथे पुढे गेले. साडेचारपर्यंत कानशीने तळव्याला फोड आला. नवीने न विचारता पट्टी आणून दिली. का दिली असेल, हा विचार आला. पट्टी लावून घेतली.

३ एप्रिल, शुक्रवार

शिंपी पाय घालून घरी गेला. एक कुबडी अजून लागते. पायऱ्यांवर थांबून म्हणाला, “या वेळी बाही नीट बसली.”

त्याचं पत्र केंद्रप्रमुखांना दिलं. सोबत माझं एक पान जोडलं, त्या फोनबद्दल. मास्तर म्हणाले, “मिटलेलं कशाला उकरतेस? पुन्हा चौकशी लावतील.” लावतील कदाचित. केंद्रप्रमुखांनी दोन्ही कागद वाचले आणि गोड आवाजात ‘बघू’ म्हणाल्या. त्या ‘बघू’चा अर्थ मी घरी येईपर्यंत चार तऱ्हांनी लावून पाहिला.

पहिली तपासणी दहा तारखेला ठरली आहे. नव्या सॉकेटचा पहिला आठवडा सगळ्यात कठीण. पाय काढल्यावर कातडीवर लाल डाग असतात. ते दहा मिनिटांत गेले तर ठीक, राहिले तर तिथे जखम होणार.

९ एप्रिल, गुरुवार

संध्याकाळी शिंप्याचा फोन आला.

“बाई, पाय एकदम छान. उद्या नाही येत. रविवारपर्यंत बँडवाल्यांचे बावीस कोट द्यायचेत.”

“कुठे दुखतंय?”

“कुठेच नाही हो!”

“डाग?”

“आहे थोडासा लाल. जातो. तुम्ही काळजी करू नका.” आणि हसला. हसू जरा लवकर आलं.

मी म्हटलं, बरं, आणि फोन ठेवला. मग तशीच खुर्चीत बसून राहिले.

तो खरंच बरा असेल. बावीस कोट खरेच असतील. मला प्रत्येक आवाजात काहीतरी ऐकू येतं, हे आता मलाही माहीत आहे. नवीच्या रडण्यात ऐकू आलं, मास्तरांच्या कानशीत ऐकू आलं, आणि दोन्ही वेळा मी चुकले. गेल्या वर्षी त्याच्या फोनवर ऐकू आलं तेव्हा मात्र मी दुर्लक्ष केलं. फोन ठेवणाऱ्या त्या बाईची मी इतके महिने रोज उलटतपासणी घेतली. नवीची एक दुपार घेतली तर ती रडली. बाहेर अकरा जण होते, बाई दमली होती, आणि समोरचा माणूस छान आहे म्हणत होता. तिने विचारायला हवं होतं. तिने विचारलं नाही. यापलीकडे तिच्याकडून आता काही निघणार नाही. तिला जरा बसू दिलं.

ताईने विचारलं, “कुणाचा फोन?”

“शिंप्याचा. छान आहे म्हणतो.”

“मग?”

“माझा विश्वास नाही.”

मला वाटलं, आता ती देठांचं काहीतरी बोलेल. ती म्हणाली, “त्याचं दुकान कुठे आहे?”

फाइलमध्ये पत्ता आहे. सकाळी आठला उघडतं.

उद्या: कामावर जाण्याआधी शिंप्याच्या दुकानात जाऊन त्याचा पाय बघायचा.